चमच्यावरून ओघळलं तर पातळ : चिऊच्या वरच्या खाण्याच्या नोंदी

फोनमध्ये लिहून ठेवलेल्या नोंदी आहेत, जशा होत्या तशाच टाकतोय, फक्त शिव्या काढल्यात. ज्यांच्या घरात पाच-साडेपाच महिन्यांचं बाळ आहे आणि आपण सगळं वाचून तयार आहोत असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी. मलाही तसंच वाटत होतं.

३ जुलै २०२४

परवा चिऊला सहा महिने पूर्ण. सोमवारपासून हिची, म्हणजे माझ्या बायकोची, २६ आठवड्यांची रजा संपून ऑफिस सुरू, माझं काम घरून आणि तेही दुपारी २ नंतर, त्यामुळे सकाळचं आणि दुपारचं भरवणं माझ्याकडे आलंय. साताऱ्याहून आई आलीय पण तिने पिशवी खाली ठेवतानाच सांगितलं, "मी आहे रे सोबतीला, पण करायचं तूच. मी काय जन्माला पुरणारे का."

आजची खरेदी: बेबी फूड प्रोसेसर ३,२०० (वाफवतो पण आणि वाटतो पण), झाकणवाला सिलिकॉन ट्रे २६०, किचनचा वजनकाटा ४५०, मऊ चमचे दोन १८०, नाचणी एक किलो ६०.

(नंतर लिहिलेलं: यातलं कामाला आलं काटा, चमचे आणि नाचणी. प्रोसेसर मोजून चार वेळा वापरला, धुवायला त्याचे सात भाग सुटे करावे लागतात, डिसेंबरात १,५०० ला विकला. घरातल्या मिक्सरचं चटणीचं भांडं आणि कुकर पुरेसं असतं.)

५ जुलै

वजन ७.२ किलो. मान धरते, टेकू दिला की बसते, आपण जेवताना हावऱ्यासारखी बघते, चमचा जिभेने बाहेर ढकलत नाही. म्हणजे सुरू करायला हरकत नाही. पहिला मान मुगाच्या डाळीच्या वरच्या पाण्याला, तीन चमचे, त्यातलं निम्मं लाळेऱ्यावर. डाळ गाळून, परत गाळून, मग मलमलच्या कपड्यातून. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता त्या गाळण्याचा. पुढे वाचा.

आईची सहाण बाहेर आली. गुटीचा बटवा सोबत होताच, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड, हिरडा, बेहडा. मी याच सहाणेवरचं चाटून मोठा झालोय त्यामुळे नाही कसं म्हणू. डॉक्टरांना फोन लावला आणि मुद्दाम स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले वेखंड आणि जायफळ तर नकोच, जायफळाने बाळ गुंगतं आणि आपल्याला वाटतं छान झोपलंय, हळदीत भेसळ असेल तर शिसं पोटात जाऊ शकतं, आणि सहाण ओली राहिली की जंतू वेगळेच. आई काहीच बोलली नाही, बटव्याची नाडी आवळली आणि देवघरात जाऊन बसली. संध्याकाळी तोडगा निघाला तो असा की सहाण राहील, आधी उकळतं पाणी ओतायचं, आणि तिच्यावर फक्त खारीक आणि बदाम उगाळायचे. बदाम असा अगदी गंधासारखा दिला तर घशात अडकायची भीती नाही आणि सुक्यामेव्याची ओळख पण होते.

७ जुलै

उष्टावण. मुलीचं विषम महिन्यात करायचं, सातवा लागलाय म्हणून आई खूश. चांदीची वाटी, मामाची मांडी, तांदळाची खीर. दोन वर्षांपर्यंत साखर नाही असं आमचं ठरलंय म्हणून चिऊची खीर वेगळ्या पातेल्यात, आणि गूळ ही पण साखरच हे तीन जणांना वेगवेगळं समजवावं लागलं. मामाने वाटीतलं बोट चाटून पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, साखर विसरलात." चिऊने मात्र सगळी खाल्ली, तिला काय माहीत साखर असते ते.

हिच्या मोठ्या मावशीने महाबळेश्वरचा मध आणलेला, जिभेला लावायला. शुद्ध आहे, मुद्दाम आणलाय वगैरे. शुद्ध असण्या-नसण्याचा प्रश्नच नाहीये, मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आपल्या पोटात ते काही करत नाहीत पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात, आणि घरी उकळून ते मरत नाहीत. हे सगळं मी तिथे बोललो नाही. बाटली घेतली, नमस्कार केला, बाटलीवर मार्करने "५ जानेवारी २०२५ नंतर" लिहिलं आणि माळ्यावर टाकली. वाद घालण्यापेक्षा तारीख लिहिणं सोपं जातं, मावशींना वाटतं आपली वस्तू राखून ठेवली.

१४ जुलै

नाचणीचा पहिला घाणा वाया. पूर्ण किलोभर, ६० रुपये आणि चार दिवस.

काय केलं: पाच पाण्यांनी धुतली, खडे निघावेत म्हणून रोळली, १२ तास भिजवली, पंच्यात बांधून ठेवली, दीड दिवसात केसासारखे पांढरे मोड आले, इथपर्यंत उत्तम. मग वाळवायची. बाहेर पाऊस, ऊन तर चार दिवस दिसलेलंच नाही, म्हणून हॉलमध्ये चादरीवर पसरून पंखा लावला. एक किलो नाचणी भिजून फुगते हे लक्षात नव्हतं, थर बोटभर जाड झाला. वरून कोरडी दिसत होती. तिसऱ्या दिवशी हात घातला तर खालून गरम आणि आंबूस वास, चौथ्या दिवशी हिरवट ठिपके. आई म्हणाली निवडून घेऊ. मी नाही म्हणालो, बुरशी दिसते तेवढीच नसते, आणि हे आपण खाणार नाही, चिऊ खाणार आहे.

"आमच्या वेळी सत्त्व उन्हाळ्यात करून ठेवायचे," आई म्हणाली. हे चार दिवस आधी सांगितलं असतं तर.

२१ जुलै

दुसरा घाणा, फक्त पाव किलो. थर इतका पातळ की दाणे मोजता येतील. आधी सहा तास पंखा, मग ओटीजी सगळ्यात खाली ६० वर, दारात लाकडी चमचा अडकवून किलकिलं ठेवलं म्हणजे वाफ बाहेर जाते. चार तासांत दाणा दाताखाली कटकन तुटला. मग कढईत खमंग भाजली, घरभर वास, मिक्सरला वाटली, वस्त्रगाळ केली. १९० ग्रॅम पीठ मिळालं. मस्त दिसतंय.

(या "खमंग भाजली"ला लाल पेनाने गोल करा. ६ सप्टेंबरला परत येतो याच्यावर.)

२६ जुलै

परवा रात्रीपासून जो पाऊस झाला आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं, काल सकाळी पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरीत घरांमध्ये पाणी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, घर सुरक्षित, पण पार्किंग बुडालं आणि १४ तास लाइट नाही. लोकांचे संसार भिजलेत तिथे माझं हे रडणं फालतू आहे, तरी नोंद म्हणून लिहितो: ट्रेमध्ये गाजर, दुधी, भोपळा, सफरचंद असं वाफवून वाटून गोठवलेले ४२ ठोकळे होते, दोन रविवारची मेहनत. फ्रीजर बंद ठेवला असता तर कदाचित टिकले असते पण आम्ही दर तासाला उघडून बघत होतो वितळले का. बघून बघून वितळवले. सगळे फेकले.

पाणी आठ दिवस उकळूनच. तेव्हापासून गोठवणं बंद. त्याऐवजी कुकरमध्ये तिसरा डबा. आपल्या वरण-भाताच्या वर छोट्या डब्यात तिचे चमचाभर तांदूळ, डाळ, भोपळ्याची फोड. मीठ आणि फोडणी नंतरच पडते त्यामुळे वेगळं काही करावंच लागत नाही. वर्षापर्यंत मीठ नाही. उरलेला भात ओट्यावर ठेवून संध्याकाळी द्यायचा नाही, शिजलेल्या भातात जंतू वाढतात आणि त्यांचं विष गरम करून जात नाही. उष्ट्या वाटीतलं उरलं तर ते माझं जेवण. माझं वजन या महिन्यात दीड किलो वाढलंय.

६ ऑगस्ट

वजन ७.४. फक्त २०० ग्रॅम वाढलं पण डॉक्टर म्हणाले दात येतायत, बघू. खाते छान. सकाळी नाचणीची पेज अर्धी वाटी, दुपारी डाळीचं पाणी आणि भाताची पेज, संध्याकाळी भाज्यांचं सूप. वाटी रिकामी होते, मला आणि काय पाहिजे.

शेजारच्या काकू मोसंबीचा रस देऊन गेल्या, तो मी प्यायलो. वर्षाच्या आत रस नको, फळ कुस्करून द्या.

२१ ऑगस्ट

शेंगदाणा. पूर्वी सांगायचे ॲलर्जीच्या वस्तू जितक्या उशिरा तितक्या बऱ्या, २०१५ मध्ये लीप नावाचा मोठा अभ्यास आला आणि उलटंच निघालं, लवकर आणि नेमाने दिलं तर शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी मुलांना होते. ज्या बाळांना जोरदार इसब आहे किंवा अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही. बारीक कूट, तेही पेजेत पूर्ण मिसळून. बरणी उघडली तर पावसाने दाणे सर्दावलेले, कुबट वास. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे निवडून अर्धा पाव टाकून दिला, कारण त्यातल्या बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही, आणि चिक्की-चटणीत जे आपल्याला कळतही नाही ते सात किलोच्या बाळाला जड. दुसऱ्या दिवशी दुकानातून कोरडे दाणे, भाजून, सालं काढून कूट.

सकाळी १० ला दिलं, बुधवारी, डॉक्टरांचा दवाखाना उघडा असताना. चिमूटभर, दहा मिनिटं थांबून बाकीचं. दोन तास तिच्या तोंडाकडे बघत बसलो, काही नाही. आता आठवड्यातून तीनदा.

५ सप्टेंबर

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची.

अंगणवाडीत वजन केलं. ७.४५. म्हणजे महिन्यात ५० ग्रॅम. ताईंनी कार्डावरचा आलेख काढला, टिंबं जोडली, रेघ आडवी. हिरव्या पट्ट्यात आहे अजून पण आडवी. मला म्हणाल्या, "काय देता ओ तिला?" मी धडाधड सांगितलं, डाळीचं पाणी, पेज, सूप, सगळं घरचं, सगळं गाळून.

"हे सगळं पाणीच की. पोट केवढंसं तिचं, त्यात तुम्ही पाणी भरताय आणि ती बिचारी भरलं म्हणून गप बसतेय." मग त्यांनी समोरच्या टोपातली खिचडी चमच्यात घेतली आणि चमचा तिरका धरला. खिचडी जागची हलली नाही. "असं पायजे. चमच्यावरून ओघळलं तर पातळ."

घरी येताना रिक्षात मी एक शब्द बोललो नाही. दोन महिने. वाटी रिकामी होते म्हणून खूश होतो.

६ सप्टेंबर

वजनकाटा घेऊन बसलो. बाळाचं पोट साधारण किलोमागे ३० मिली, म्हणजे चिऊचं सव्वादोनशे मिली. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. माझ्या त्रिवार गाळलेल्या डाळीच्या पाण्यात डाळ होतीच कुठे, ती गाळण्यात राहिली आणि ती मी आमच्या आमटीत घालत होतो. डाळ आम्ही खाल्ली आणि पाणी तिला.

नवीन खिचडी: तांदूळ २० ग्रॅम, मूग डाळ १०, तूप ५ (एक चहाचा चमचा), मऊ शिजवून दीडशे ग्रॅम होते, कॅलरी दीडशेच्या आसपास. त्यातल्या एकट्या तुपाच्या ४५. तूप म्हणजे वरची सजावट असं मी समजत होतो. गाळायची नाही, वाटायची पण नाही, पळीने घोटायची. सकाळी अर्धी, दुपारी अर्धी, आणि मध्ये केळं किंवा पेज.

आता पेजेचा घोळ. नाचणीचं पीठ जास्त घातलं की घट्ट गोळा होतो, चिऊ तोंड फिरवते, म्हणून मी कमी घालत होतो. पण मोड आणायचे ते यासाठीच असतात ना. मोड येताना दाण्यात एक एन्झाइम तयार होतं जे स्टार्च तोडतं, त्यामुळे मोडाच्या पिठाची पेज घट्ट न होता जास्त पीठ सामावून घेते. मग माझी का होत होती? कारण मी खमंग भाजलं. भाजल्यावर ते एन्झाइम गेलं, उरलं साधं नाचणीचं पीठ. ओटीजीचं वीजबिल, पंखा, वस्त्रगाळ, सगळं वासासाठी.

(इथून पुढचं नंतर लिहिलेलं.) तिसरा घाणा केला, १०० ग्रॅमच, वाळवला आणि भाजलाच नाही. मग दोन वाट्यांचा प्रयोग. दोन्हीत जुन्या भाजक्या पिठाची घट्ट पेज, पळी उभी राहील अशी. बोटाला सोसेल इतकी निवल्यावर एका वाटीत नवीन पिठाचा अर्धा चहाचा चमचा टाकून ढवळलं. दुसरी वाटी तशीच. मिनिटभर काही नाही, मी आईकडे बघतोय, आई माझ्याकडे. मग कडेने सैल पडायला लागली, पाच मिनिटांत पळी आडवी झाली. दुसरी वाटी ढिम्म. आईने दोन्ही वाट्यांत बोट घालून चव घेतली आणि म्हणाली, "ही गोड लागतेय जरा." लागणारच, स्टार्चची साखर झाली.

तर कृती अशी: पीठ आधीच्या दीडपट घालून पेज शिजवा, निववा, न भाजलेल्या मोडाच्या पिठाचा अर्धा चमचा, पाच मिनिटं, आणि मग परत एक उकळी. ती उकळी चुकवू नका, पीठ कच्चं असतं, जंतू असू शकतात. आणि चमच्यावर टिकेल इतपतच सैल, नाहीतर परत ताईंकडे जावं लागेल.

९ सप्टेंबर

गणपतीच्या गर्दीत मी घातलेला नियम मीच मोडला. नवीन वस्तू एका वेळी एक, तीन दिवस थांबायचं. परवा घरात वीस माणसं, चिऊ या हातातून त्या हातात, तिने एका दुपारी अंड्याचा पिवळा भाग, टोमॅटोचं सार आणि कोणीतरी दिलेलं श्रीखंडाचं बोट खाल्लं. (अंडं गणपतीत कोणी दिलं असं विचारू नका, सकाळी पाहुणे यायच्या आधी मीच दिलं होतं.) संध्याकाळी तोंडाभोवती लाल चट्टे. श्वास ठीक, उलटी नाही, अंगावर काही नाही, तासाभरात गेले. पण कशाने?

आता तिन्ही बंद, आणि डॉक्टरांना विचारून एक-एक परत. (नंतर लिहिलेलं: यात अडीच आठवडे गेले. निघाला टोमॅटो, आणि ती ॲलर्जी पण नव्हती, लाळेत मिसळलेला आंबट रस कातडीला झोंबतो इतकंच. तोंडाला आधी तूप लावून परत दिला, काही झालं नाही. तिला पूर्ण उकडलेलं अंडं चालतं, दही चालतं. श्रीखंडवाल्याचा शोध लागला नाही.)

२८ सप्टेंबर

मिक्सर पूर्ण बंद. आठ महिने झाले की दाणेदार द्यायला पाहिजे, उशीर केला तर मुलं मोठेपणी पण गिळगिळीतच मागतात म्हणे. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा डाळीत कुस्करून दिला. तिला उबळ आली, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर, खॅक करून घास पुढे आणला आणि परत चावायला लागली. ही जाम घाबरली. लक्षात ठेवायचं ते असं की आवाज करतेय, लाल होतेय तर तिचं ती निस्तरतेय, हात लावू नका. आवाज बंद झाला तर मात्र धावा.

७ ऑक्टोबर

वजन ७.८, रेघ वर वळली. गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस झाला. ती जरा फिकट वाटते म्हणून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.६. कमी आहे.

मला धक्का बसला, नाचणी खाते ना रोज. हिशोब केला, शंभर ग्रॅम नाचणीत लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, ती खाते वीस ग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅम पण नाही, आणि धान्यातलं लोह अंगाला थोडंच लागतं. नाचणी कॅल्शियमसाठी भारी आहे, लोहासाठी तिच्यावर विसंबू नका. बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांनी संपत येतो, आणि मी नेमका त्याच दोन महिन्यांत पाणी पाजत होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांमधली ६७.१ टक्के मुलं ॲनिमियाची निघालीत, म्हणजे हे काही आमच्या घरापुरतं नाही. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप असतं, ते आम्हाला माहीत होतं आणि "घरचं खातेय की" म्हणून घेतलं नव्हतं. हा आमचा शहाणपणा.

आता डॉक्टरांनी ड्रॉप्स दिलेत. शी काळी होते, घाबरू नका. दुधासोबत देऊ नका, जिभेच्या मागच्या बाजूला सोडा नाहीतर दात काळे. जेवणात: चिकन शिजवून खिम्यासारखं बारीक करून खिचडीत, आठवड्यातून एकदा चमचाभर कलेजी (जास्त नको, अ जीवनसत्त्व खूप असतं), डाळीवर लिंबाचे चार थेंब म्हणजे लोह जास्त शोषलं जातं. आई शाकाहारी, पण कलेजी शिजवायला वेगळं पातेलं तिनेच काढून दिलं.

२ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन. हात अजून थरथरतोय म्हणून आज लिहितोय.

चिऊ आता रांगते. पाहुणे सतरंजीवर बसून चिवडा खात होते. मी दोन फुटांवर. ती हसत होती आणि मधेच हसणं थांबलं. रडणं नाही, खोकला नाही, तोंड उघडं आणि आवाज नाही, ओठांची कड निळसर. कोणीतरी म्हणालं पाणी पाज. आईने बोट घालायला हात पुढे केला, तो मी धरला, न दिसणाऱ्या वस्तूला बोट लावलं की ती आत जाते. तिला हातावर पालथी घेतलं, डोकं खाली, तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मधे. एक. दोन. तीन. चौथ्याला लाळेबरोबर पंढरपुरी डाळ्याची एक पाकळी सतरंजीवर पडली, आणि मग ती रडली. असं रडणं मी कधी इतकं आवडीने ऐकलेलं नाही.

पाच थापट्यांनी निघालं नसतं तर उताणी करून छातीच्या मधोमध पाच दाब, परत पाच थापट्या, वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. हे मी जूनमध्ये उशीवर करून पाहिलं होतं तेव्हा ही हसली होती. छाती साफ आहे ना म्हणून रात्रीच डॉक्टरांकडे दाखवून आणलं.

मी चार महिने तिच्या वाटीवर लक्ष ठेवलं, सतरंजीवर नाही. आता फराळ टेबलावरच. खाली काही सांडलं की पाहुणा कितीही मोठा असो, झाडू येतो. शेंगदाणे, फुटाणे, डाळं, कच्चं गाजर, सीताफळ-चिकूच्या बिया, तिच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी. द्राक्ष दिलंच तर उभं चिरून चार तुकडे.

१२ डिसेंबर

वजन ८.४, हिमोग्लोबिन १०.९. ड्रॉप्स अजून चालू.

बाबा साताऱ्याहून आले आणि दोन दिवसांत चहात बिस्किट बुडवून भरवताना सापडले. चहाने लोह शोषलं जात नाही, बिस्किटात साखर, हे सांगितलं तर म्हणाले, "तुला काय कमी पाजला का चहा." भांडण नको म्हणून बाबांना कामाला लावलंय, रोज ४ वाजता चिकू सोलून, बी काढून, त्यांनीच भरवायचा. बिस्किट बंद. त्यांना भरवायचं होतं, बिस्किटाशी देणंघेणं नव्हतं.

प्रवासासाठी तयार सीरियलचा डबा बघितला. त्यात लोह घातलेलं असतं ही जमेची बाजू, घरच्या पिठात ते नाही हे मान्य. पण मागची यादी वाचून घ्या, सुक्रोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन अशी नावं वरच्या तीन-चारात असतील तर ठेवून द्या. पुढच्या बाजूची फळांची चित्रं बघू नका.

१९ जानेवारी २०२५

वर्ष झालं. वजन ८.७. मध माळ्यावरून खाली आला, पण दोन वर्षं साखर नाही म्हणून आम्हीच खातोय.

आज बोरन्हाण. मागच्या संक्रांतीला ती दहा दिवसांची होती, राहून गेलं होतं. हे बोरन्हाण म्हणजे घशात अडकणाऱ्या वस्तूंची यादीच बाळाच्या डोक्यावर ओतायची, बोरं, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, हलव्याचे दाणे. आईला म्हटलं करूया, पण ओतायचं काय ते मी ठरवणार. शेवंतीच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या भरपूर, चुरमुरे बाद, हलव्याचे दागिने अंगावर पण दोरा तपासून आणि पाच मिनिटांत उतरवायचे, आणि बोरं पाहिजेतच असं आई म्हणाली म्हणून मोठी अहमदाबादी, लिंबाएवढी, मोजून ४१.

झालं छान. पाकळ्या डोक्यावर पडल्या तशी चिऊ दचकली आणि मग हात वर करून आणखी मागायला लागली. आईने ओवाळलं. लगेच मी बोरं गोळा केली. ४०.

सोफा पुढे ओढला, सतरंजी झटकली, आईला पदर झटकायला लावला. पंधरा मिनिटांनी एकेचाळिसावं बोर तीन वर्षांच्या भाच्याच्या खिशात मिळालं, अर्धं खाल्लेलं. बी नव्हती. कुठे टाकली विचारलं तर नुसता हसतोय. चिऊला कडेवर घेऊन ही बेडरूममध्ये बसलीय आणि मी बॅटरी घेऊन फ्रीजखाली बघतोय.